काटकसरी गाव

६ मार्च

दादा,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. फोन न उचलायला काहीच करावं लागत नाही. पत्र न वाचता टाकायचं तर निदान उठून कचऱ्याच्या डब्यापर्यंत जावं लागतं. तेवढे कष्ट तुझ्याकडून करून घेतले तरी मला पुरे.

पत्ता कुणी दिला म्हणून कपाळाला आठ्या घालू नकोस. आईला लोकरीचे मोजे पाठवलेस ना, त्या खोक्यावर होता. मोजे तिला दोन बोटं मोठे होतात. तरी घालते.

आता कामाचं. आमची संस्था गेली दोन वर्षं आपल्या नदीच्या खोऱ्याचा अभ्यास करते आहे. सरांच्या भाषेत त्याला 'सामाजिक, आर्थिक आणि पर्यावरणीय विकासाचा समन्वय' म्हणतात. माझ्या भाषेत, तीन जावा एका स्वयंपाकघरात. लोकांना काम द्यायला जावं तर नदी घाण होते, नदी साफ करावी तर लोक गाव सोडतात, आणि दोन्ही सांभाळायला जावं तर सरकारकडे पैसा नसतो. हे तुला मी सांगायला नकोच.

बारा गावांत पाहणी केली. मुलांनी घरोघरी जाऊन माणसं मोजली, पंपघरांतून पाण्याचे आकडे आणले, कचरा तोलला, नदीचं पाणी तपासलं. आणि बारा गावांत पहिलं कोण आलं असेल? आपलं! माणसं नऊ हजारांच्या वर, आणि दरडोई पाणी सगळ्यांत कमी. कचराही सगळ्यांत कमी. सर तर हवेतच आहेत. त्यांनी निबंध लिहायला घेतलाय, नाव दिलंय 'काटकसरी गाव'. गिरणी बंद पडल्यावर लोकांनी हाय खाल्ली नाही, उलट कमी साधनांत जगायची नवी रीत शोधली, असं त्यांचं म्हणणं. पावसाळ्यानंतर मोठ्या परिषदेत वाचणार आहेत.

निबंधाचं जाऊ दे. खरी गोष्ट हॉस्पिटलची आहे. नियोजन खातं या भागात तीस खाटांचं हॉस्पिटल बांधणार आहे. एक तर आपल्याकडे, नाहीतर पुलापलीकडच्या गावात. ठरवणार आमच्या अहवालावरून. अट एकच: आठ हजारांच्या वर वस्ती हवी. समोरच्या काकूंची सून गेल्या हिवाळ्यात पुलावरच, गाडीत बाळंत झाली. दोघं सुखरूप आहेत, पण तेव्हापासून गावात बोलायला दुसरा विषय नाही. आकड्यांवर गेलं तर हॉस्पिटल आपलं झाल्यातच जमा आहे.

मग तुला पत्र कशाला? सरांना गावाचा मागचा इतिहास हवाय. गिरणीच्या सांडपाण्याच्या बाटल्या तपासणी खात्याकडे घेऊन गेला तो माणूस कुठे असतो, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. तो माझा सख्खा भाऊ आहे हेही सांगितलं नाही. बोलायचं असेल तर खाली संस्थेचा पत्ता आहे.

आणखी एक गोष्ट आहे, ती कुणाला बोलले नाही. दादा, आपलं गाव आणि काटकसर? आई रोज सकाळी नळाला पाइप लावून अख्खं अंगण धुते. बेकरीवाला नळ उघडा ठेवून गप्पा मारायला दुकानाबाहेर येतो. पाण्याच्या बाबतीत आपल्यासारखी उधळी माणसं खोऱ्यात नसतील. आकडा कुठेतरी चुकलाय. सरांनी मलाच तपासायला पाठवलंय, म्हणजे त्यांच्या मते काटकसर कशी करतात ते लिहून आणायला. परवा घरी जाते.

ठमी


१९ मार्च

दादा,

उत्तराची वाट बघत नाहीये. नुसतं सांगते.

आधी पंपघरात गेले. पंपवाल्या काकांना म्हटलं, "काका, पाण्याचा आकडा बरोबर आहे ना?" ते म्हणाले, "मीटर खोटं बोलत नाही गं, त्याला गावात नातेवाईक नाहीत." आणि एकटेच हसत बसले. आकडा बरोबर आहे. टाकी पूर्वी दिवसातून दोनदा भरावी लागायची, आता एकदा भरली की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुरते.

मग गल्लीतून चालत घरी आले. गिरणीच्या फाटकापासून आपल्या घरापर्यंत निम्म्या घरांच्या वरच्या मजल्याच्या खिडक्या बंद. खाली मात्र पायऱ्या झाडलेल्या, दाराची पितळी कडी घासलेली. तरीही मला उमगलं नाही, इतकी मी शिकलेली.

जेवताना आईला सहज विचारलं, पाहणीवाली मुलं आली होती तेव्हा काय सांगितलंस?

"काय सांगायचंय? त्याने विचारलं घरात किती माणसं. तीन म्हटलं."

"तीन कोण?"

"कोण म्हणजे? मी, तू आणि दादा."

"आई, मी शहरात राहते."

"बरं मग?"

"आणि दादा तर..."

"दादा काय? वर त्याची खोली आहे, कपाट आहे, कपाटात त्याचे कपडे आहेत. परगावी गेलेला माणूस घरातून वजा होतो होय? तुमच्या संस्थेत होत असेल."

तिने माझ्या ताटात आणखी वाढलं, म्हणजे विषय संपला.

दुसऱ्या दिवशी गल्लीत सगळ्यांकडे जाऊन आले. समोरच्या काकूंनी सात सांगितले होते. घरात त्या, काका, धाकटी सून आणि तिचं बाळ. बाकीचे तिघं कुठकुठल्या देशांत. शिंप्याने पाच सांगितले, राहतो एकटा. बेकरीवाल्याने तर मुलीचा नवराही धरला, जो आजवर या गावात दोनदा आलाय. लबाडी कुणाच्याच मनात नव्हती. मुलाने विचारलं, घरात किती माणसं, आणि आयांनी घरातली माणसं सांगितली. हॉस्पिटलचं नंतर कळलं, आणि मग मात्र सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

म्हणजे काटकसर वगैरे काही नाही. नऊ हजारांतली चार हजार माणसं आंघोळच करत नाहीत, कारण ती इथे नाहीतच. उरलेली यथास्थित पाणी सांडतात.

काकू निघताना तुझं नाव घेऊन बोलल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हणाल्या, "तुझ्या भावाने नदी धुतली आणि आमच्या चुली विझवल्या." मग लगेच म्हणाल्या, "बरा आहे ना तो?" मी बरा आहे म्हटलं. खरं खोटं तुलाच ठाऊक.

बाबांची खुर्ची अजून तिथेच आहे, खिडकीशी, गिरणीच्या धुराड्याकडे तोंड करून. सव्वीस वर्षं त्या गिरणीत ते फोरमन, आणि त्याच गिरणीच्या प्रयोगशाळेत त्यांच्याच वशिल्याने लागलेला मुलगा बाटल्या घेऊन जातो, आणि गिरणी बंद होते. मी तेव्हा कॉलेजात होते. बाबा तुझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं. ते फक्त बोलेनासे झाले, आणि तू बॅग भरलीस. ते गेले तेव्हा आलास, तोही सकाळच्या गाडीने येऊन संध्याकाळच्या गाडीने परत. मी तुझ्यासाठी वर अंथरूण घालून ठेवलं होतं.

असो. हे लिहायला बसले नव्हते.

ठमी


११ एप्रिल

दादा,

सरांना सांगितलं. आधी दोन आठवडे नुसता घोळ घातला मनात. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सांगावं तर गावाचं हॉस्पिटल जातं, न सांगावं तर मी कसली अभ्यासक?

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "म्हणजे माझं काटकसरी गाव हे मुळात रिकामं गाव आहे?" मी म्हटलं, "अर्धं." ते म्हणाले, "अर्धं रिकामं की अर्धं भरलेलं, हे आता तू मला शिकवू नकोस." तिसऱ्या दिवशी स्वतःच निबंधाचं नाव खोडून कागद माझ्या टेबलावर ठेवून गेले. माणूस तिरसट आहे, पण खोटा नाही. तुझं त्यांच्याशी पटलं असतं.

आता फेरमोजणी होणार आहे, फक्त आपल्या गावात. या वेळी प्रश्न नियमातला: 'काल रात्री या छपराखाली कोण झोपलं?' त्यात कपाट चालत नाही, खोली चालत नाही. माणूस लागतो. तारीख अठरा मेची रात्र, मोजणी एकोणीसला सकाळी. नियमाप्रमाणे तारीख महिनाभर आधी जाहीर करावी लागते. नगरपालिकेच्या फळ्यावर कागद लागला.

कागद लागला त्या संध्याकाळी आईचा फोन आला. तिला कधी नव्हे तो उत्साह. म्हणाली, गल्लीतल्या सगळ्या बायकांनी मुलांना फोन केलेत. त्या रात्री सगळ्यांनी यायचं, झोपायचं, सकाळी मोजून घ्यायचं आणि मग जायचं तिथे जायचं. शाळेच्या माजी बाई याद्या करतायत, कुणाकडे किती गाद्या कमी आहेत त्याच्या. मी म्हटलं, आई, ही फसवणूक आहे. ती म्हणाली, "पोरांनी आपल्या घरी झोपायचं यात फसवणूक कसली? तुमचाच नियम ना?"

नियम आमचाच आहे. सरांना विचारलं. ते म्हणाले, "नियमाप्रमाणे झोपलेला माणूस मोजावाच लागेल. तो वर्षातून एकदा झोपो की रोज."

आता तुझ्यासाठी निरोप. मी तो देणार नव्हते, पण आईने फोनवर दोनदा म्हणवून घेतला, शब्दाला शब्द. 'त्याला म्हणावं, एका रात्रीपुरता ये. कुणी काही बोलणार नाही. बोलले तर मी बघून घेईन.'

अभ्यासक म्हणून सांगते, येऊ नकोस, मोजणी खराब होईल. बहीण म्हणून काय सांगते ते तुला कळतं. आणि कळत नसेल तर, दादा, मला तुझी फार आठवण येते. झालं, लिहिलं. आता खोडणार नाही.

ठमी


१९ मे, संध्याकाळ

दादा,

तू आला नाहीस.

काय काय झालं ते ओळीने सांगते, नाहीतर मला रडू येईल.

काल दुपारपासून गाड्या यायला लागल्या. मी तीन वाजता स्टँडवर उतरले तर उतरायला जागा नाही. माझ्या वर्गातली ती उंच मुलगी, जी आता विमानतळावर काम करते, तिने मला मिठीच मारली. शिंप्याचे चारही मुलगे आले. चौघं एका खोलीत मावेनात, म्हणून शिंपीदादा दुकानात कापायच्या टेबलावर झोपला. बेकरीवाल्याचा तो जावईसुद्धा आला, पत्ता विचारत. गिरणीच्या फाटकासमोर मुलं चेंडू खेळत होती, एकमेकांची भाषा येत नव्हती तरी भांडत होती. सगळ्या वरच्या खिडक्या उघड्या. गादी झटकल्याचा आवाज आणि धूळ. मी पाहणीची अधिकारी, हातात माणसं नोंदवायचं यंत्र, गळ्यात ओळखपत्र, आणि मला इतका आनंद झाला की लाज वाटली.

आईने सकाळीच वरची खोली उघडली होती. चादरी बदलल्या, खिडकी पुसली. तुझी उशी उन्हात घातली. गाडी आली की दारात जायची, हात पुसत, जणू दुसरंच काही काम आहे. शेवटची गाडी आली. त्यातून काकूंचा मधला मुलगा उतरला, दोन मुलांना घेऊन. आईने त्याची विचारपूस केली, मुलांच्या गालाला हात लावला. आत येऊन मला म्हणाली, "चला, झोपूया आता."

आज सकाळी मोजणी. पाहणीची दोन मुलं आजारी पडली, म्हणून आपल्या गल्लीचं काम माझ्याकडे आलं. मी आदल्या दिवशीच एक आगाऊपणा करून ठेवला होता. सगळ्या मुलांना सांगितलं होतं की नियमातला प्रश्न विचारून झाला की आणखी एक विचारा: 'परवा रात्री कुठे झोपणार?' कुणाला विचारून घातला नाही तो प्रश्न. आयांनी पढवून ठेवलं होतं फक्त पहिल्या प्रश्नाचं. दुसऱ्याला पोरं खरं बोलून मोकळी झाली. "परवा? परवा ड्युटी आहे हो माझी." काकूंनी आपल्या मधल्याला कोपराने ढोसलं, पण बाण सुटला होता.

नऊच्या सुमाराला पंपवाले काका सायकलवरून ओरडत गेले, टाकी कोरडी पडली म्हणून. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. अर्धी गल्ली तोंडाला साबण लावून उभी. कुणी चिडलं नाही. सगळे हसत होते.

आपलं घर मी सगळ्यांत शेवटी ठेवलं. आई दारातच उभी होती. मला वाटलं ती तीन सांगणार. तीन सांगितले असते तर मी तीन लिहिले असते दादा, यंत्र फोडून टाकलं असतं पण लिहिले असते.

मी विचारलं, "काल रात्री या छपराखाली कोण झोपलं?"

"एक लिही."

"आई, मी झोपले ना काल इथे."

"तू मोजायला आलीस. मोजणाऱ्याला घरात धरत नाहीत. एक लिही."

ती शांतपणे बोलत होती, चिडून नाही. म्हणाली, "इतकी वर्षं मी म्हणायचे, लांब आहे, काम असतं, कसा येईल? सगळ्याच आया तसंच म्हणायच्या. काल कळलं की बोलावलं तर येतात. सातासमुद्रापलीकडून येतात. आता मी काय म्हणू?"

आणि आत गेली. तिने आज अंगण धुतलं नाही. पाणी नव्हतंच म्हणा.

मी एक लिहिलं.

ठमी


२७ सप्टेंबर

दादा,

तुझं कार्ड आलं होतं. मोजणी होऊन दहा दिवसांनी, संस्थेच्या पत्त्यावर. 'खोट्या मोजणीत उभा राहायला मी येणार नाही.' एवढंच. खाली नावसुद्धा नाही.

बरोबर आहे तुझं. तू नेहमीच बरोबर असतोस, हाच तर ताप आहे.

आईला कार्ड दाखवलं नाही. तुला राग आला तरी चालेल.

आता पुढचं ऐक. मोजणीचे आकडे हाती आले. पहिल्या प्रश्नाने माणसं नऊ हजार आठशे, म्हणजे आधीच्या खोट्या आकड्यापेक्षाही जास्त. दुसऱ्या प्रश्नाने पाच हजारांच्या थोडी वर. सर म्हणाले, "नियमाप्रमाणे पहिला आकडा पुरतो. दुसरा प्रश्न तू कुणाला विचारून घातलास?" मी म्हटलं, कुणाला नाही. त्यांनी दोन्ही कागद माझ्यापुढे सरकवले. "गाव तुझं आहे, तू ठरव. मी दोन्हींवर सही करीन, फक्त एकावर थोडी हळू."

दादा, कायदा माझ्या बाजूने होता. हॉस्पिटल हातात होतं. काकूंचा नातू पुलावर जन्मला ते मला दिसत होतं. पण माझ्या आईने दारात उभं राहून 'एक' सांगितलं. सगळ्या गावात खरं बोलायची गरज नसलेली ती एकटीच, मोजायला तिचीच मुलगी होती, तिला कुणी पकडणार नव्हतं. ती एक म्हणते, तर मी नऊ हजार आठशे कुठल्या तोंडाने लिहू?

दोन्ही आकडे लिहिले. खाली लिहिलं की गावात राहणारी माणसं पाच हजार आहेत, पाणी चारचौघांसारखंच वापरतात, नदी गिरणी बंद पडली म्हणून स्वच्छ आहे आणि गाव गिरणी बंद पडली म्हणून रिकामं आहे. दोन्ही एकाच कारणाने. पुढे हेही लिहिलं की उरलेल्यांत निम्मी माणसं साठीच्या पुढची आहेत, त्यांना आठ हजार शेजारी असोत की नसोत, डॉक्टर लागतोच. ते पान मी अकरा वेळा लिहिलं.

हॉस्पिटल पुलापलीकडे गेलं. आपल्याला आठवड्यातून तीन दिवस डॉक्टर आणि कायमची एक रुग्णवाहिका. दुधाची तहान ताकावर. तेही मिळालं नसतं असं सर म्हणतात, पण गावाला ते सांगायला सर येणार नाहीत.

मी आले. बेकरीवाला माझ्या हातात पाव देतो आणि काउंटर पुसायला लागतो. शिंपीदादाने माझा कोट न शिवताच परत केला, सुट्या बाह्यांसकट. समोरच्या काकू मला बघितलं की खिडकी लावून घेतात. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणावर ओरडायचं? फक्त पंपवाले काका बोलतात. ते म्हणाले, "तुझ्या घराण्याला बाटल्या आणि मीटर यांचं भारी वेड."

पहिल्या आठवड्यात मला बॅग भरावीशी वाटली. खरंच भरली. तू कसा गेला असशील ते मला त्या दिवशी अगदी अंगाला कळलं. कुणी शिवी देत नाही, दगड मारत नाही, पण रस्ता ओलांडायचा तर पाय जड होतो. बाबांच्या गप्पपणात तू किती दिवस काढलेस? मला पाच दिवसांत नको झालं.

आई दारात येऊन उभी राहिली. बॅगकडे बघितलं. म्हणाली, "एक खरं बोलला आणि घर सोडून गेला. तूही खरं बोललीस, चांगलं केलंस. आता घर तरी सोडू नकोस. गाव वर्षभर बोलणार नाही, मग त्यांनाच कंटाळा येईल. मी ओळखते त्यांना."

मी बॅग उपसली. सरांशी बोलले, आता महिन्यातले तीन आठवडे इथून काम करते. नदीकाठी उरलेल्या माणसांचं काय होतं, यावर पुढचा अभ्यास आहे. बाबांची खुर्ची मी फिरवून घेतली, धुराड्याकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड. आई दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीत बसून शेंगा सोलत होती.

काल काकूंच्या नातवाला रात्रभर ताप होता. सकाळी रुग्णवाहिकेने नेला, दुपारी आणला, बरा आहे. काकूंनी खिडकी लावली नाही. बोलल्या नाहीतच, पण लावली नाही.

तुझ्यावर मी अजून चिडलेली आहे. तू बाटल्या नेल्यास म्हणून कधीच नव्हते, आणि हे तुला कुणी सांगितलं नसेल तर मी सांगते. बाबासुद्धा शेवटी शेवटी खिडकीतून नदीकडे बघून म्हणायचे, मासे आलेत. त्यांनी तुला कळवायला हवं होतं. नाही कळवलं. तूही विचारलं नाहीस. खरं बोलून झाल्यावर माणसाने थोडं थांबायचं असतं, लोकांचं ऐकून घ्यायचं असतं, आणि तू तेवढं केलं नाहीस, मला आणि आईला इथे ठेवून गेलास. माझा राग त्याचा आहे.

मोजणी संपली आहे. अहवाल छापून गेला. हॉस्पिटल जिथे जायचं तिथे गेलं, आता तू आलास किंवा नाही आलास तरी कुठल्याही रकान्यात एकाचाही फरक पडत नाही. कुणी दारात यंत्र घेऊन उभं राहणार नाही. खोटं उभं राहावं लागणार नाही तुला कशातच.

आता ये.

ठमी